अंधारात मोजल्या जाणाऱ्या ज्वाळा

खनिज तेलाबरोबर विहिरीतून वर येणारा नैसर्गिक वायू वाहून नेण्यासाठी पाइपलाइन नसेल, तर तो बहुधा उंच नळीच्या टोकाशी जाळून टाकला जातो आणि यालाच तेल उद्योगात ‘फ्लेअरिंग’ म्हणतात. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या बाकेन तेलक्षेत्रात या ज्वाळा इतक्या दाटीने पेटतात, की रात्रीच्या उपग्रहचित्रात विरळ वस्तीचा तो माळ एखाद्या महानगरासारखा उजळलेला दिसतो. मात्र नुसत्या उजेडावरून दिवा कोणता आणि ज्वाळा कोणती हे ठरत नाही. त्यासाठी तापमान लागते. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरील ‘व्हीआयआयआरएस’ हा संवेदक रात्री दीडच्या सुमारास १.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त प्रारण टिपतो. सूर्यप्रकाश नसल्याने तेथे बाकी बहुतेक सारे काळेच असते आणि सुमारे १५०० अंश सेल्सिअसची वायुज्वाळा नेमकी त्याच तरंगलांबीच्या सुमारास सर्वाधिक प्रखर असते. वणवा किंवा शेतातले पाचट सहसा हजार अंशांच्या आत जळत असल्याने वेगळे ओळखू येते. जळालेल्या वायूचे आकारमान थेट मोजले जात नाही, ते उष्णतेवरून काढलेले अनुमान असते. आणि खरी अडचण विझलेल्या ज्वाळेची, कारण तेथून न जळता सुटणारा, कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता कोंडणारा मिथेन या पद्धतीला दिसतच नाही.