बिल देतात, बसू द्या

नवापूर स्टेशनवर एक बाकडं आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशन मास्तरांची कचेरी पलीकडच्या तापी जिल्ह्यात. पिशवीत बाटली असेल, तर बाकड्याच्या या टोकाला तुम्ही गिऱ्हाईक आणि दारूबंदीच्या त्या टोकाला आरोपी. हद्दीवर परमिट रूम चालवणाऱ्याला कायद्याचं फार अप्रूप उरत नाही, ते यामुळेच.

‘परमिट रूम’ हे नाव 1949 च्या दारूबंदी कायद्यातून आलं. महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. पिणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊकही नसतं. पाच रुपयांच्या कागदावाचून कुणाचं अडत नाही. कागदावाचून अडतं ते मावशींचं.

मावशी म्हणजे सुरत–भुसावळ गाड्यांमध्ये टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी. 2023 च्या दुरुस्तीआधी रेल्वे कायद्याच्या कलम 144 प्रमाणे डब्यात भीक मागणं हा गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. गाड्या ओसरल्या की त्यांच्यातल्या काही जणी आमच्याकडे जेवायला येतात. शेवभाजी, भाकरी, कधी एखादी बीअर. बसवायचं कुठं, हा पहिला प्रश्न. मोठ्या खोलीत बसवलं की चार पेग झालेले अंगचटीला येतात, फॅमिली रूममध्ये बसवलं की फॅमिली उठून जाते. शेवटी मुदपाकखान्याच्या दाराजवळचं टेबल ठरलं. तिथं गल्ल्यावरून माझी नजर राहते.

एकदा एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, “शेठ, यांना कशाला बसवता?” म्हटलं, “बिल देतात, भाऊ. तुमची उधारी आहे.” मावशी हसल्या, तोही हसला. उधारी मात्र अजून आहे.

बार आणि तृतीयपंथी यांचं नातं महाराष्ट्रात जुनं आहे. 2005 मध्ये राज्य सरकारनं डान्सबार बंद केले. तेव्हा बायकांच्या पोटापाण्याची चर्चा झाली, पण त्या बारमध्ये नाचणाऱ्यांत तृतीयपंथीही होते. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी स्वतः बारमध्ये नाचलेल्या. बंदीविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. गंमत अशी, की तीन तारे आणि त्याहून मोठ्या हॉटेलांना त्या कायद्यात मोकळीक होती. म्हणजे नाच वाईट नव्हता, स्वस्तातला नाच वाईट होता. 16 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली, त्यात हा भेदभावही मोजला गेला. तोवर आठ वर्षं गेली होती. आठ वर्षांत माणूस दुसरं काय करतो? सिग्नलवर उभा राहतो, गाडीत चढतो.

बड्या हॉटेलांचंही एक सांगायला हवं. ‘ललित’ हॉटेलांचे केशव सुरी 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या ‘किटी सू’ क्लबमध्ये समलिंगी, तृतीयपंथी मंडळींना उघड जागा होती. मालक स्वतः कोर्टात गेला, हे मला धंदेवाईक म्हणून आवडलं. आमच्या शेवभाजीच्या दरात तेवढा वकील बसत नाही, एवढंच.

सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या निकालानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला. पाच वर्षांनी, 2019 मध्ये, संसदेनं कायदा केला आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणलं. नाव संरक्षणाचं. पण तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला त्यात सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली, बाईवर बलात्कार झाला तर मात्र किमान दहा वर्षं. आईबाप सांभाळू शकत नसतील तर न्यायालय पुनर्वसन केंद्रात पाठवणार. तृतीयपंथी गुरूच्या घराचा उल्लेखच नाही, आणि घरातून हाकललेल्या पोराला पहिलं जेवण वाढणारी बहुधा गुरूच असते.

2020 च्या नियमांत आणखी एक खोच होती. अर्ज करायचा तर जिल्ह्यात सलग बारा महिन्यांचं वास्तव्य हवं. यांना खोली देतो कोण? दिली तर भाडेकरार करतो कोण? आमच्या टेबलावर बसणारी एक तरुण चेली याच गाठीत अडकली होती. आमच्या वरच्या मजल्यावरची खोली तिला दिली, रीतसर करार करून. बायको म्हणाली, “लोक बोलतील.” बोलले. भाडं बाजारभावानंच घेतो, उपकार केल्याचा आव नको.

ओळख मान्य झाली की काय होतं, ते जळगाव जिल्ह्यात दिसलं. भादलीच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला प्रवर्गातून अर्ज भरला, तो फेटाळला गेला. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो ग्राह्य धरायला लावला आणि त्या निवडून आल्या. आमच्या जिल्ह्यातल्या विजया वसावे वनरक्षक झाल्या. राज्यातल्या पहिल्या तृतीयपंथी वनरक्षक म्हणून त्यांचं नाव घेतात. मावशींच्या टेबलावर ही बातमी आली तेव्हा गुरूनं सगळ्यांना गुलाबजाम मागवले आणि पैसे आगाऊ दिले.

हॉटेलवाल्या बांधवांना एकच सांगणं. लोकांसाठी खुल्या असलेल्या जागेत तृतीयपंथी माणसाला सेवा नाकारायला 2019 च्या कायद्याच्या कलम 3 नंच मनाई केली. त्या कायद्यातलं हे कलम तरी आपल्या हातात आहे. टेबल द्या, पाण्याचा जग ठेवा, आणि संडासची किल्ली मागितली तर तोंड न वाकडं करता द्या.