पूल, मनोरे आणि वीस बाजूंचा फासा

टेबलाभोवती बसून खेळायच्या काल्पनिक भूमिकांच्या खेळात चार-पाच खेळाडू एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. गेम मास्टर प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू ठरवतात आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासा टाकला जातो. एका किंवा काही बैठकांत पुऱ्या होणाऱ्या प्रसंगांच्या मालिकेला ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात. तयार ॲडव्हेंचर विकत मिळतात. तरीही अनेक गेम मास्टर ती घरीच रचतात.

या खेळाचा आरंभ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने झाला. जर्मनीत १९८१ मध्ये ‘मिडगार्ड’ आणि १९८४ मध्ये उलरिख कीसो यांचा ‘डास श्वार्त्से आउगे’ हा खेळ आला. अशा खेळांतल्या जगाला मध्ययुगीन युरोपचा आधार असतो. त्यामुळे डॅन्यूबकाठचे रेगेन्सबर्ग हे घरगुती ॲडव्हेंचरसाठी सोयीचे शहर ठरते. इसवी सन १७९ मध्ये रोमन लष्करी छावणी म्हणून वसलेल्या या शहराचा मध्ययुगीन गाभा बऱ्याच अंशी शाबूत आहे. २००६ मध्ये त्याची जागतिक वारसा यादीत नोंद झाली.

रचनेची सुरुवात पेचापासून करावी. पूर्ण कथानक आधी लिहू नये. खेळाडू काय करतील हे गेम मास्टरच्या हाती नसते, म्हणून ठरलेल्या शेवटाकडे नेणारी कथा पहिल्या वळणावरच मोडते. पेच मात्र टिकतो. रेगेन्सबर्गच्या दगडी पुलाची दंतकथा असा पेच आयताच पुरवते. पूल बांधणाऱ्याने कॅथेड्रल बांधणाऱ्याशी पैज लावली, सैतानाची मदत घेतली आणि मोबदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव देऊ केले. पूल पुरा झाल्यावर त्याने कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पुढे सोडले. इतिहासात ही पैज बसत नाही: पूल ११३५ ते ११४६ या काळात बांधला गेला, तर आजच्या कॅथेड्रलचे काम त्यानंतर शतकाहून अधिक काळाने सुरू झाले. खेळाला ही विसंगती आड येत नाही. फसवला गेलेला सैतान आपले येणे वसूल करायला परत आला, एवढ्या कल्पनेवर ॲडव्हेंचर उभे राहते.

पुढचे काम नकाशाचे. प्रत्येक ठिकाणी काहीतरी करण्यासारखे असेल आणि तिथे पोचायला एकाहून अधिक वाटा असतील, अशी पाच-सहा ठिकाणे एका बैठकीला पुरतात. तीनशे मीटरहून लांब असलेल्या पुलाखाली डॅन्यूबला जोरदार भोवरे पडतात, म्हणून नावेने जाणे शक्य पण धोक्याचे. पुलावर पूर्वी तीन मनोरे होते, त्यांतला दक्षिणेचा एकच उरला आहे. खेळात तिन्ही उभे करून त्यांवर पहारा बसवता येतो. धनिक व्यापारी घराण्यांनी बांधलेले उंच मनोरे गुप्त बैठकांना उपयोगी, तर जुन्या नगरभवनातली आजही जतन केलेली छळकोठडी पकडलेल्या साक्षीदाराला ठेवायला.

नगरभवन आणखी एका कारणाने उपयोगाचे आहे. १६६३ ते १८०६ या काळात पवित्र रोमन साम्राज्याची कायमची सभा इथे भरत असे आणि निरनिराळ्या राज्यांचे दूत वाटाघाटी करत. हा नमुना घेतला की तलवारीविना सुटणारे प्रसंग रचता येतात. त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या पात्राबद्दल तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: त्याला काय हवे, त्याला कशाची भीती आहे आणि तो काय लपवतो. पुलावर जकात घेणाऱ्या अधिकाऱ्याला पूल उघडा हवा, धर्मगुरूला तो बंद हवा आणि एका दूताने सैतानाशी आधीच बोलणी केली आहेत, एवढे ठरले की खेळाडूंनी कोणताही प्रश्न विचारला तरी उत्तर सुचते.

रहस्य असेल तर सुगावे मोजून पेरावे लागतात. कळीचा सुगावा एकच असेल आणि तो सापडण्याची शक्यता निम्मी असेल, तर निम्म्या वेळा खेळ तिथेच अडतो. त्याच निष्कर्षाकडे नेणारे तीन स्वतंत्र सुगावे ठेवले, तर तिन्ही हुकण्याची शक्यता आठात एक उरते. काठिण्यही असेच जोखता येते. वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक दान हवे असेल, तर यशाची शक्यता ३० टक्के. पात्राच्या कौशल्याचे ५ गुण मिळवल्यास ती ५५ टक्के होते.

खेळाडूंनी काहीच केले नाही तर काय घडेल, याचा कालक्रमही तयार ठेवावा. पहिल्या रात्री पुलावरचा पहारेकरी नाहीसा होतो, दुसऱ्या रात्री जकातदाराची मुलगी, तिसऱ्या रात्री पूल कोसळू लागतो. अशाने विरोधक थांबून राहत नाही आणि खेळाडूंच्या दिरंगाईला किंमत येते.

खऱ्या इतिहासातून उचलताना तारतम्य लागते. नॉयफार प्लाट्स या चौकाखाली १९९० च्या दशकात झालेल्या उत्खननात ६२४ सोन्याची नाणी सापडली. खजिन्याची कथा इथे सहज सुचते. पण त्याच जागी असलेली ज्यूंची वस्ती १५१९ मध्ये उद्ध्वस्त करून रहिवाशांना शहराबाहेर काढण्यात आले होते. खऱ्या समाजाच्या यातना नुसत्या लुटीच्या खेळाची पार्श्वभूमी होऊ नयेत. शहराला वेगळे नाव देऊन फक्त त्याची रचना घेणे, किंवा असा विषय घेण्याआधी खेळाडूंची संमती विचारणे, हे दोन्ही मार्ग रूढ आहेत.

तीन-चार तासांच्या बैठकीत साधारण चार-पाच मोठे प्रसंग मावतात. प्रत्येकासाठी अर्धे पान टिपण पुरे. लांब वर्णने वाचून दाखवली की खेळाडूंचे लक्ष उडते. बैठक संपली की खेळाडू कोणत्या पात्रांत रमले, कुठे अडखळले आणि कोणते आश्वासन देऊन बसले, याची नोंद करावी. न वापरलेली ठिकाणे आणि पात्रे खेळाडूंनी पाहिलेलीच नसतात, म्हणून नाव बदलून ती पुढच्या बैठकीत बिनदिक्कत वापरता येतात.