हॅचरमधले शेवटचे दिवस

अठराव्या दिवशी कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रातून, म्हणजे सेटरमधून, पिल्ले बाहेर येण्याच्या यंत्रात, म्हणजे हॅचरमध्ये जातात. सेटरमध्ये ट्रे सतत कलते राहतात. हॅचरमध्ये अंडी हलवायची नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या एका हॅचरीत ही कामे जवळून पाहता आली. अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की बोथट टोकाची हवेची पोकळी उजळते. बाकी सगळे काळे, पिल्लाने भरलेले. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी त्या उजेडात चोचीची सावली हलताना दिसते. आतला पडदा फाटलेला असतो आणि फुप्फुसांत पहिला श्वास गेलेला असतो. मग बंद कवचातूनच चिवचिव ऐकू येते. कवच फुटण्यापेक्षा मला हाच क्षण मोठा वाटतो.

याच सुमाराला पिल्लाच्या रक्तातही मोठा बदल होतो. थायरॉइड ग्रंथी टी-फोर हे संप्रेरक बऱ्याच आधीपासून बनवत असते. त्यापासून तयार होणारे टी-थ्री अधिक प्रभावी. पण यकृतातले एक विकर ते मोडत राहते, म्हणून गर्भात त्याचे प्रमाण कमीच असते. शेवटच्या दिवसांत हे विकर घटते आणि टी-थ्री झपाट्याने चढते. श्वास सुरू होणे, उरलेला बलक पोटात ओढला जाणे, बाहेर आल्यावर अंगात ऊब निर्माण करणे, या सगळ्याला त्याचा आधार लागतो.

वाढीच्या संप्रेरकाचे टी-थ्रीशी जोडलेले काम तर त्याच्या नावावरून कळणारच नाही. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते कोंबडीच्या गर्भाला टोचून पाहिले. टी-थ्री मोडणारे विकर कमी झाले आणि रक्तातले टी-थ्री वाढले. कोंबड्यांच्या एका बुटक्या वाणात या संप्रेरकाचा पेशींवरचा ग्राही (रिसेप्टर) जन्मतःच सदोष असतो. संप्रेरक रक्तात भरपूर, तरी अंग लहान आणि टी-थ्रीही कमी.

याच संप्रेरकावरून ‘ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शने देतात’ असे बाजारात सर्रास ऐकू येते. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. खाद्यातून दिले तर ते पचून जाईल. म्हणजे शेडमधला एकेक पक्षी धरून पुन्हा पुन्हा टोचावे लागेल. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये हे कुणाला परवडेल? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि २००५ या सालांचे वाण एकाच खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी जुन्याचे वजन ९०५ ग्रॅम भरले, नव्याचे ४,२०२ ग्रॅम. हा फरक पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा आहे. कोंबडी घेताना विक्रेत्याला प्रश्न विचारायचाच असेल, तर हार्मोनबद्दल नव्हे, अँटिबायोटिकबद्दल विचारा.