बिघडलेली घोडी

मैफलीत गायकाच्या मागे तंबोरा झंकारत असतो, पण त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नसते. मी मिरजेतच वाढलो, तरी तंबोरा कसा तयार होतो हे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. वडील बाजारात हमाली करतात. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. फीला हातभार लागावा म्हणून सुटीत एका वाद्यांच्या कारखान्यात राहिलो. तेथल्या वृद्ध कारागिरांना सारे चाचा म्हणतात. त्यांनी मला हाताशी घेतले.

मिरजेत ही कला दीडशेहून अधिक वर्षे नांदते आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तिचा पाया घातला, असे मानतात. २०२४ साली येथील सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो जाड सालीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, आतला गर साफ करतात, तोंड रुंद करतात. मग तुणीच्या लाकडाचा गळा व पोकळ दांडी जोडायची, वर तबली बसवायची, लाखेचे पॉलिश चढवायचे. नवशिक्याच्या वाट्याला मात्र येतो काचकागद! पंधरा दिवस मी नुसता घासत होतो. हे कसले शिकणे, असे वाटे. पण पुढे लाकडाचा उंचसखलपणा डोळ्यांआधी बोटांना कळू लागला.

तंबोऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, ती सपाट दिसली तरी तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच टेकते व उचलते, म्हणून मूळ स्वराबरोबर वरचे सहस्वरही उमटतात. तारेखाली दोरा सरकवून हा झंकार नेमका जुळवतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली याच घोडीविषयी लिहिले. तार जेथे छेडली, तेथे नियमाने जे सहस्वर उमटू नयेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, असे त्यांनी दाखवून दिले. वापराने घोडीवर खाचा पडतात, तेव्हा जवारी पुन्हा काढावी लागते.

एका शुक्रवारी चाचा नमाजाला गेले असता, दुरुस्तीला आलेल्या तंबोऱ्याची घोडी मी परस्पर कानशीने घासली. तार छेडली, तो आवाज बद्द! आणखी घासली, तो पार बसला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होते. वडिलांची किती दिवसांची मजुरी यात जाईल, एवढाच हिशेब डोक्यात चालू होता. पळून जावेसे वाटले, पण गेलो नाही.

चाचा आले, त्यांनी तार छेडली. म्हणाले, "हात चालला, कान चालला नाही." रात्री बसून त्यांनी नवी घोडी केली व मला शेजारी बसवून घेतले. दोनदा कानस फिरवायची, एकदा ऐकायचे. एका वेळी एकच तार. बिघडलेली घोडी त्यांनी माझ्या हाती दिली. "टाकू नकोस. तारीख घाल. पुढची बिघडेल तेव्हा ताडून बघ."

आज माझ्या डब्यात अशा पाच घोड्या आहेत. पाचवी बरी बोलते. त्याच डब्यात पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा नापास झालेला पेपरही आहे. तो मी घरी लपवला होता. परवा वडिलांना दाखवला आणि कोठे काय चुकले ते वाचून सांगितले. ते शेवटपर्यंत ऐकत होते.