भिंग बसले, पण जुळले का?

चोरबाजारातून एक जुने भिंग आणले. ४२ मि.मी. व्यासाच्या आट्यांचे, ५० मि.मी. नाभीय अंतराचे. माझ्या निकॉन एफ कॅमेऱ्यावर ते बसेना, म्हणून मध्ये एक पातळ जोडकडे घातले. मुलुंडच्या घरात समोर बसलेल्या माणसाचा फोटो स्वच्छ आला. खिडकीतले येऊरचे डोंगर मात्र काही केल्या स्पष्ट होईनात. असे का?

दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगाच्या बैठकीपासून ठरावीक अंतरावर पडते. या प्रकारच्या भिंगासाठी ते ४५.४६ मि.मी. आहे. निकॉन एफमध्ये बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर मात्र ४६.५ मि.मी. असते. म्हणजे कड्याची जाडी शून्य धरली तरी भिंग १.०४ मि.मी. पुढेच राहते. न्यूटनच्या सूत्राने ५० चा वर्ग भागिले १.०४, म्हणजे सुमारे २४०० मि.मी. अडीच मीटरपलीकडचे सारे अस्पष्ट!

कॅनन ईएफमध्ये हेच अंतर ४४ मि.मी. असते. तेथे १.४६ मि.मी. जाडीचे कडे घातले की काम होते. सोनी ई या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात ते फक्त १८ मि.मी. असल्याने जोडनळीला भरपूर जागा उरते. नियम सोपा आहे: भिंगाचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त हवे. शिवाय भिंगाचा मागचा भाग आरशाला लागत नाही ना, हेही पाहावे.

वर्गात करून पाहा. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडा, अंतराची खूण अनंतावर ठेवा आणि मागे कागद धरा. दूरच्या इमारतीची प्रतिमा रेखीव झाली, की बैठकीपासून कागदापर्यंतचे अंतर मोजा. पैसे देण्यापूर्वी एवढे केले असते, तर माझा खर्च वाचला असता.