थंडीतला रोजा आणि बरणीतला तिळगूळ

फेब्रुवारी सरत आला तरी लोणावळ्यात पहाटे गोधडी सोडवत नाही. पण तिथल्या एका जुन्या चाळीत सात वर्षांची नात सहरीला दादीच्याही आधी उठून बसते. तोंडातून वाफ सोडत धाकट्या भावाला म्हणते, "बघ, आगगाडी!" भावाचा 'चिडी रोजा' म्हणजे चिमणीचा रोजा, दुपारी बाराला सुटणारा. नातीला मात्र यंदा पूर्ण दिवसाचा रोजा हवा आहे.

लहान मुलांवर रोजा बंधनकारक नसतो. तरी पहिल्या रोजाचं कौतुक घरोघरी असतं. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, इफ्तारला सारे नातेवाईक. या घरात आणखी एक रीत आहे. ती सुरू झाली १९९७ च्या जानेवारीत.

त्या वर्षी रमजान लागला आणि दोन-तीन दिवसांतच संक्रांत आली. नातीचे वडील तेव्हा सात वर्षांचे होते आणि त्यांचा पहिला रोजा होता. शेजारच्या काकूंनी तिळगूळ पुढे केला. पोरानं हात पुढे केला आणि रडवेला होऊन मागे घेतला. काकू काही बोलल्या नाहीत. सूर्य मावळताना स्वतः वाटी घेऊन आल्या. पोरानं आधी खजूर खाल्ला, मग तिळगूळ. तेव्हापासून संक्रांतीचा थोडा तिळगूळ बरणीत राखून ठेवतात. घरातल्या मुलाचा पहिला रोजा तोंडावर आला, की बरणी खाली उतरते.

हा योग नेहमी येत नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं. पंचांगात अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घातला जातो. यंदाही ज्येष्ठ अधिक आहे. हिजरी सनात तशी सोय नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मे-जूनमधला रोजा इथे साडेचौदा तासांचा आणि घसा कोरडा पाडणारा. डिसेंबर-जानेवारीतला साडेबारा तासांचा. शेकोटीभोवती गप्पा मारता मारता इफ्तारची वेळ होते.

आता थंडीतला रमजान पुन्हा जवळ येतो आहे. २०३० मध्ये तर तो एकाच वर्षात दोनदा लागेल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरअखेर. तेव्हा संक्रांतही रमजानातच असेल.

यंदा काकूंचे हात थरथरतात, म्हणून तिळगूळ सुनेनं वळला. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास अजान झाली. नातीनं खजूर खाल्ला, पाणी प्यायली आणि काकूंपुढे हात केला. दादीनं ईदचा बेतही सांगून टाकला. दुपारी शीरखुर्मा काकूंकडे जाईल आणि बासी ईदला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, डबे घेऊन सगळ्यांनी कार्ल्याच्या लेण्यांना जायचं.

नात मात्र बोटांवर हिशेब करत होती. २०३० ला ती अकरा वर्षांची. ऋतूंच्या पुढच्या फेऱ्यात संक्रांत रमजानात यायची ती २०६३ च्या आसपास. तेव्हा ती चव्वेचाळीसची.

"तेव्हा तिळगूळ कोण देणार?" तिनं विचारलं.

काकूंनी बरणीचं झाकण लावलं आणि बरणी तिच्या हातात दिली. "तू," त्या म्हणाल्या.