तापी, साग आणि ‘ट्रिंकोमाली’

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. पण प्रकाशा गावी केदारेश्वर मंदिराच्या पायऱ्या उतरून तापीत पाय सोडून बसावं आणि हे पाणी जातं कुठे ते आठवावं. सुरतेला! त्याच सुरतेहून 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणीकार मुंबईला आले. त्यांच्या घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी मुंबईच्या गोदीत बांधलेली एक युद्धनौका आजही तरंगते आहे. तिचं नाव ‘ट्रिंकोमाली’. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. आता ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या संग्रहालयात आहे आणि तिच्या डेकवर कोणालाही फिरता येतं. ब्रिटनच्या युद्धनौकांपैकी आजही पाण्यावर असलेली सर्वांत जुनी हीच.

दोनशे वर्षांत हे लाकूड कुजलं कसं नाही? उत्तर नवापूरकडच्या जुन्या घरांच्या दारांत आहे: साग. नेपोलियनच्या युद्धांपायी ब्रिटनमधला ओक संपत आला होता. शिवाय ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, तर सागातलं तेल खिळा आणि लाकूड दोन्ही जपतं. ट्रिंकोमालीचा साग मलबारचा. पण जात सातपुड्यातल्या सागाचीच.

मला सर्वांत थक्क करते ती तिच्या आराखड्यांची गोष्ट. 1812 मध्ये ते ‘जावा’ या ब्रिटिश जहाजावरून मुंबईला निघाले. 29 डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने जावाला गाठलं, हरवलं आणि मग जाळून टाकलं. आराखडे गेले, ते नव्याने पाठवावे लागले. बांधणी सुरू व्हायला 1816 उजाडलं. आणि ज्या जहाजामुळे हे घडलं ते कॉन्स्टिट्यूशनही बुडालेलं नाही. बॉस्टनच्या बंदरात आजही लोक ते पाहायला जातात!

जावावर आणखी एक जण होता, मुंबईतल्या नेमणुकीवर निघालेला जनरल थॉमस हिस्लॉप. तो कैद झाला, सुटला, पुढे मद्रासचा सरसेनापती झाला. ट्रिंकोमाली पाण्यात उतरून पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा, फेब्रुवारी 1818 मध्ये, तो फौज घेऊन खानदेशात थाळनेरच्या किल्ल्यापुढे उभा होता. किल्ला पडला आणि हिस्लॉपने किल्लेदाराला फासावर चढवलं.

थाळनेर तापीच्या काठावरच आहे, प्रकाशाच्या वरच्या अंगाला. तिथलं पाणी याच पायऱ्यांवरून सुरतेकडे जातं.